भंडाऱ्याचा गळ आणि घणसोलीचा जिताडा

भाऊजींचं पत्र आलं तेव्हा मी शाळेत सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. घरची खुशाली त्यांनी दोन ओळींत उरकली होती आणि बाकीचं सगळं आंतरदेशीय एका माशावर खर्च केलं होतं.

'घणसोली गावात जोमा नानांचं खाजणातलं तळं आहे. त्यांचा मुलगा माझ्या कारखान्यात होता, आता आखातात असतो. त्या तळ्यात एक जिताडा आहे. जाळ्यात येत नाही. दिवाळीच्या सुट्टीतच तळ्यावर मुरूम पडणार, तिथे नवं शहर होणार. त्याआधी नानांना तो मासा काढायचाय. तुझ्या मरळींच्या गोष्टी मी त्यांना सांगून बसलोय. आता माझी लाज तुझ्या हातात.'

मी भंडाऱ्याजवळच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. आमच्या गावाला तलाव आहे आणि मला गळ टाकायला माझ्या मामानं शिकवलं. बाईमाणसानं काठी घेऊन काठावर बसावं याचं गावाला पूर्वी नवल वाटायचं, आता सवय झाली आहे. मरळ मी पुष्कळ काढल्या. पण जिताडा हा शब्दसुद्धा मी त्या पत्रात पहिल्यांदा वाचला. सुट्टी लागली त्याच संध्याकाळी मी मामाची बांबूची काठी गोणपाटात गुंडाळली आणि गाडीत बसले. स्टाफरूममध्ये सगळे हसले. मुंबईला माणसं समुद्र बघायला जातात, म्हणाले, ही काठी घेऊन चालली!

तुर्भे

विमलताई आणि गौतम भाऊजी तुर्भ्याला कारखान्यांच्या पाठीमागच्या वस्तीत राहतात. एक खोली, एक पोटमाळा, आणि दाराशी येऊन थांबल्यासारखे वाटणारे ट्रक. भाऊजी मूळचे चिपळूणकडचे, ताई आमच्याकडची. त्यामुळे त्या एका खोलीत दोन स्वयंपाक नांदतात. सकाळी भाकरी तांदळाची असते आणि संध्याकाळी ज्वारीची. ताईनं मला बघून आधी काठीकडे पाहिलं.

"काऊन वो, खरंच घेऊन आली?"

"मग काय हात हलवत येऊ?"

भाऊजी पहिल्या पाळीहून आले होते. चहा झाल्याबरोबर आम्ही घणसोलीला निघालो, कारण मला दम नव्हता आणि त्यांना तर त्याहून नव्हता. जाताना वस्तीच्या मागच्या गोड्या पाण्याच्या डबक्यातून मी एक बेडूक पकडून डब्यात घेतला. आमच्याकडे मरळीला बेडकासारखं दुसरं आमिष नाही. तो डबा ताईच्या लोणच्याचा होता हे मला नंतर कळलं.

घणसोली म्हणजे एकमेकांना टेकलेली कौलारू घरं, मधून एक माणूस जाईल एवढी वाट, वाळत घातलेली सुकट, आणि गाव संपलं की एकदम मोकळं खाजण. आमच्याकडे तळं म्हटलं की गोडं पाणी, कमळं, काठावर आंब्याची झाडं. इथं खाडीला बांध घालून आत अडवलेलं खारं पाणी आहे. बांधात एक लाकडी फळीचं दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. भरती आली की फळी उचलायची, मग खाडीचं पाणी माशांसकट आत येतं. दोन बाजूंनी लाल मुरमाचे ढीग तळ्याच्या अगदी काठापर्यंत आले होते. बांधावर मोजणीचे पांढरे रंगवलेले खुंट ठोकलेले होते. त्या खुंटांपैकी एकावर सत्तरीचे जोमा नाना बसले होते.

"गौतम, तुजा मेवना कुठं हाय?"

"मेव्हणा नाय नाना, मेव्हणी. मी तेव्हाच सांगितलं होतं."

"मना वाटला, तू चुकून बोललास." नानांनी मला पायापासून काठीच्या टोकापर्यंत पाहिलं. "मास्तरीन ना तू? बरा. मासा काय पोरापोरीत फरक करीत नाय."

मग त्यांनी हात लांब करून दाखवलं. तळ्याच्या मध्यावर तिवराच्या जुन्या झाडांचे खुंट पाण्यातून वर आले होते. "त्या खुंटात ऱ्हातो. जालं टाकला की फाटतं. उघारीची फली अर्धी अरकलीय, त्यामुलं पानी पुरता उतरत नाय. सा पावसाली झाली. बोटाएवरा होता, तवा भरतीसंगट आत आला. आता कवरा झालाय ते तुज्या डोल्यानी बग."

इकडच्या बोलीत 'ड'चा 'र' आणि 'ळ'चा 'ल' होतो हे माझ्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. नाना ज्याला जितारा म्हणत होते तोच जिताडा. मी बेडूक गळाला लावला आणि ऐटीत टाकला. बेडूक खाऱ्या पाण्यात दोनदा पाय झाडून आडवा झाला. नानांची बायको बारकीबाय चहा घेऊन बांधावर आली होती, ती एवढी हसली की कपातला अर्धा चहा बशीत आला.

"अगो पोरी, खाऱ्या पान्यान बेंडूक! मेला ना गो बिचारा!"

तिनंच मग कमरेएवढ्या पाण्यात उतरून हातानं चिखल चाचपत चार जिवंत कोळंब्या काढून दिल्या. मी एक लावली. ऊन उतरत होतं. खुंटांच्या सावलीत पाणी फुगल्यासारखं झालं, आणि 'टॉक' असा आवाज आला, जणू कुणी बाटलीचं बूच काढलं. काठी हातात वाकली. मी आयुष्यात मरळीचे हिसके खाल्ले आहेत, पण हा हिसका नव्हता, कुणीतरी मला हात धरून पाण्यात बोलावत होतं. मग तो वर आला. पाण्याबाहेर पूर्ण उडी, चांदीच्या परातीसारखी कूस, उघडा जबडा, आणि हवेतल्या हवेत डोक्याला दिलेला एक झटका. मी मागच्या मागे चिखलात बसले. दोरा मोकळा होऊन माझ्या तोंडावर आला.

मग नाना हळूच म्हणाले, "बगलास? कवरा हाय?"

मी तोंडावरचा दोरा बाजूला केला. "नाना, हा मला पाहिजे."

"मना बी पायजेल. पन येत्या गुरवारी भराव टाकनार हायत."

तो दिवस सोमवार होता.

मोरा

भाऊजींच्या कारखान्यात उरणचे लोक आहेत. त्यांनी नाव सुचवलं ते मोरा बंदरात गळ-जाळी विकणाऱ्या इब्राहिमचाचांचं. मंगळवारी सकाळी मी तुटलेला दोरा पुडीत बांधून घेतला आणि एकटीच बस पकडली.

समुद्र मी तोवर पाहिलेला नव्हता. पाठ्यपुस्तकातला निळा समुद्र मुलांना रंगवायला दरवर्षी देते, त्यामुळे उरणहून मोऱ्याला उतरताना मी आधी निळा रंग शोधला. आणि समोर काय, तर ओहोटी! दूरवर चमकणारा राखाडी चिखल, त्यात कलंडलेल्या होड्या, आणि धक्क्याच्या टोकाला मुंबईला जाणारी लाँच पाणी येण्याची वाट बघत उभी. थोडं वाईट वाटलं. मग त्या चिखलावर पायांवाचून उड्या मारत चालणारे मासे दिसले. निवट्या म्हणतात त्यांना. मी अर्धा तास तिथंच उभी राहिले. चिखलावर चालणारा मासा ज्यानं पाहिला त्याला निळ्या पाण्याची काय गरज! पुढच्या वर्षी मुलांना राखाडी समुद्र रंगवायला देणार आहे.

इब्राहिमचाचांचं दुकान धक्क्याजवळच आहे. जाळी, दोर, शिसं, गळ, आणि गल्ल्यामागे पांढऱ्या दाढीचे चाचा. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. मी पुडी उघडून दोऱ्याचं टोक दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, टोकावरून नख फिरवलं.

"बाय, हा तंगूस तुटला नाय. कापलाय. तुटला असता तर टोक पिंजलं असतं. जिताड्याच्या कल्ल्याला पातं असतं, वस्तऱ्यासारखं. त्यानं डोकं झटकलं की तुझा तंगूस गेला."

आमच्याकडे ज्याला आम्ही नुसता प्लास्टिकचा दोरा म्हणतो तो इथं तंगूस. नाव कळल्यावर तो जास्त मजबूत वाटायला लागला.

चाचांनी स्कूटरच्या क्लचची जुनी वायर काढली, तिचा पीळ सोडवला आणि त्यातल्या दोन तारा एकत्र वळून हातभर लांबीचा तुकडा केला. एका टोकाला माझ्या करंगळीएवढा गळ बांधला. "आता पात्याला चावायला लोखंड मिळेल."

आमिषाचं विचारल्यावर त्यांनी गल्ला सोडला आणि स्टूल ओढून समोर बसले. कोळंबी वाईट नाही, पण मोठ्या जिताड्याला बोय पाहिजे, म्हणजे वीतभर लांबीची खाडीतली मासळी, आणि ती जिवंत पाहिजे. मेलेल्याकडे तो वळूनसुद्धा बघत नाही. गळ घालायचा तो पाठीवर, काट्याच्या वरच्या कातडीतून. कण्याला टोचला तर बोय गेली, आणि बोय गेली तर दिवस गेला. हाताला साबण नको, खोबरेल नको, आधी खाजणाच्या चिखलानं हात घासायचे.

"आणि तो पाठलाग करत नाय, हे ध्यानात ठेव. तो नवाब आहे. सावलीत उभा राहतो, भरतीचं पाणी त्याच्या तोंडाशी जेवण घेऊन येतं. उघाडीतून पाणी आत यायला लागलं की त्या धारेत बोय सोड, धारच तिला नेऊन पोचवेल. 'टॉक' आवाज आला की काय करशील?"

"ओढीन."

"म्हणून तर गेला! आवाज म्हणजे त्यानं तोंडात घेतलाय. अजून गिळला नाय. तंगूस चालायला लागेपर्यंत थांब. मग ओढ. आणि उडी मारली की काठी खाली, सैल दे. त्याला वाटलं पाहिजे की तोच जिंकतोय."

मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. चाचांना त्याचं फार कौतुक वाटलं. त्यांनी मला दुकानामागच्या घरात जेवायला नेलं. त्यांच्या बायकोनं, जुलेखाबींनी, नारळाच्या दुधातलं कोळंबीचं कालवण आणि पापुद्र्यासारखी तांदळाची रोटी वाढली. आमच्याकडे माशाचा रस्सा म्हणजे तेल, लसूण आणि डोळ्यांतून पाणी. इथं तिखटसुद्धा गोडीत बोलतं. जुलेखाबींना एकच शंका होती.

"तुमच्याकडे समुद्र नाय, मग मासे येतात कुठून?"

मी तलाव सांगितले, वैनगंगा सांगितली, मरळ पावसात एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात सरपटत जाते ते सांगितलं. त्या तोंडावर हात ठेवून ऐकत होत्या. निघताना चाचा धक्क्यापर्यंत आले. पाणी भरत होतं, होड्या एकेक करून उभ्या राहत होत्या. "लागला तर कळव," म्हणाले. "नाय लागला तरी कळव."

घणसोली

बुधवारी सकाळी भरती होती. भाऊजींनी दांडी मारली. ताईसुद्धा आली, "तू पाण्यात पडशील तर बघायला पाहिजे कोणी" म्हणत. बारकीबायनं पाग, म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं, खाडीच्या बाजूला एकदा फेकलं आणि तीन बोयी घमेल्यात आणून सोडल्या. ती जाळं फेकते तेव्हा ते हवेत पूर्ण उघडतं, थेट ताटासारखं. मी दोनदा करून पाहिलं. माझ्या हातून ते गाठोड्यासारखं पडलं.

मी चिखलानं कोपरापर्यंत हात घासले. पहिली बोय माझ्या घाईनं कण्याला टोचून मेली. दुसरी उघाडीपाशी पोचायच्या आधीच गळावरून निसटली. तिसरी हातात धरली तेव्हा भाऊजींनी तोंड दुसरीकडे फिरवलं. मी श्वास रोखून काट्याच्या वर, नुसत्या कातडीतून गळ घातला. बोय पाण्यात सोडताच तुरुतुरु पळाली.

नानांनी उघाडीची अडकलेली फळी खांद्यानं रेटून वीतभर वर केली. खाडीचं पाणी फेसाळत आत शिरलं, आणि बोय त्या धारेबरोबर थेट खुंटांच्या दिशेनं गेली. मामानं काठीच्या टोकाला कडी बसवली आहे, तीतून तंगूस माझ्या हातातल्या लाकडी फिरकीवर येतो. फिरकी अलगद फिरत होती.

टॉक.

"थांब!" भाऊजी ओरडले.

"थांबलेय!" मी त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडले.

तंगूस हलत नव्हता. ताईनं माझ्या पदराचं टोक घट्ट धरलं होतं. मग तंगूस चालायला लागला, आधी गोगलगाईसारखा आणि मग एकदम फिरकी भिरभिरली. मी दोन्ही हातांनी काठी मागे ओढली.

त्यानं पहिली उडी मारली तेव्हा मी काठी खाली केली. दुसरीला पण केली. डोकं झटकलं, कल्ल्याची पाती उन्हात लखलखली, आणि तार टिकली! तिसऱ्यांदा तो उडालाच नाही, सरळ खुंटांकडे निघाला. तिथं तंगूस गुंडाळला की संपलं. मी फिरकी हातानं दाबून धरली. तंगूस बोटांत रुतला, रक्त आलं, ते मला नंतर दिसलं. नाना तेवढ्यात पाण्यात उतरले, छातीपर्यंत, आणि खुंटांच्या पुढे उभे राहून दोन्ही हातांनी पाणी बडवायला लागले.

"जा माघारी! जा! सा वर्सं खाल्लास आमचा, आता जा तिकरं!"

तो वळला. किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही. भाऊजी म्हणतात पाऊण तास, ताई म्हणते दहा मिनिटं. शेवटी तो काठाजवळच्या उथळ पाण्यात कुशीवर आला, आणि बारकीबायनं गोणपाट पसरून त्याच्यावर सरळ अंग टाकलं. ती आणि मासा दोघं चिखलात लोळले. उठली तेव्हा तिच्या मिठीत तो होता, लहान मुलासारखा, गोणपाटात गुंडाळलेला. डोकं तिच्या खांद्याशी, शेपूट गुडघ्याच्या खाली.

मी नाचले. पस्तीस वर्षांची चित्रकलेची बाई, चिखलानं माखलेली, बांधावर नाचले. भाऊजी माझ्याबरोबर नाचले. नाना पाण्यातच उभे राहून हसत होते, आणि हसता हसता त्यांनी तोंड धुतलं.

याच वेळी जीप आली.

भरावाच्या कामावरचे साहेब होते. दुसऱ्या दिवशीची जागा बघायला आले असतील. मासा बघून त्यांचा चेहरा खुलला. "वा नाना! केवढा हो! घाला गाडीत मागे. आमच्या मोठ्या साहेबांना दिवाळीचं राहिलंच होतं तुमचं."

मला वाटलं ते थट्टा करताहेत. पण नानांनी खाली बघितलं, आणि बारकीबायच्या हातातून मासा घ्यायला हात पुढे केले. भाऊजींनी मला नंतर सांगितलं की इथली ही जुनी रीत. तळ्यात चांगला जिताडा निघाला की तो कुणातरी साहेबाकडे जायचा. मिठागराचा, मोजणीचा, कधी कचेरीचा. साहेब बदलायचे, मासा जायचा. कुणी मागत असे, कुणी मागतही नसे.

बारकीबाय हलली नाही.

"दे गो," नाना पुटपुटले.

"नाय देत." मग तिनं साहेबांकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "साहेब, तलं तुमचा झाला. मासा आमचा हाय."

साहेबांनी हसून बघितलं, भाऊजींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. माझ्या बोटांतून अजून रक्त गळत होतं. "गळ माझा होता," मी म्हटलं, "पण मासा काकींचा." इतकं बोलायलाही मला सगळा जोर लागला. साहेब काहीतरी गमतीचं बोलले आणि जीपमध्ये बसले. नाना जीप दिसेनाशी होईपर्यंत तिकडे बघत उभे होते. रागावले असतील असं मला वाटलं. पण ते वळले आणि बायकोला म्हणाले, "वजनाला जर हाय ना गो? दे, मी धरतो."

तळ्याचं काय झालं ते इथंच सांगून टाकते, म्हणजे शेवटी जेवणाचं लिहिता येईल. गुरुवारी डंपर आले. मी संध्याकाळच्या गाडीसाठी निघाले तेव्हा खुंटांच्या जागी लाल सपाट जमीन दिसत होती. इब्राहिमचाचांना मी ठाण्याच्या स्टेशनवरून कार्ड टाकलं.

बुधवारी दुपारी नानांच्या ओटीवर आम्ही सगळे जेवायला बसलो. शेजारच्या पाच घरांत तुकड्या गेल्या होत्या. बारकीबायनं चिंच आणि घरच्या मसाल्याचं लालभडक कालवण केलं होतं, तुकड्या तांदळाच्या पिठात घोळवून तळल्या होत्या, आणि मधल्या पातेल्यात ते भलंमोठं डोकं शिजत होतं. डोकं पाहुण्याला वाढायचं अशी इकडची पद्धत. तिनं ते माझ्या ताटात ठेवलं. पण तो मान नानांचा होता. मी ताट उचलून नानांच्या पुढं सरकवलं.

"नको गो," नाना म्हणाले. "मना खायाला येत नाय त्यो."

"म्हणजे?"

ते भातात बोटं फिरवत राहिले. "बारका खाल्लाय. कवरे तरी खाल्लंय. एवरा मोठा कदी घरान शिजलाच नाय. मुंडका कुठशी धरायचा ते बी म्हाईत नाय."

बारकीबाय पातेलं खाली ठेवून त्यांच्याजवळ बसली. तिनं कल्ल्याचं हाड बोटांनी अलग केलं, खालचा गालाचा मऊ पांढरा तुकडा काढला आणि त्यांच्या भातावर ठेवला. नानांनी तो तोंडात घातला. डोळे मिटले. बराच वेळ चावत राहिले, चावण्यासारखं त्यात काही नव्हतं तरी.

"कसा लागतं?" बारकीबायनं विचारलं.

नानांनी डोळे उघडले.

"साहेब लोकांची काय चूक नाय गो," ते म्हणाले, आणि डोक्याचं ताट स्वतःकडे ओढून घेतलं.